कोंबडी, हळद, अंडी अन् तेल : कोरोनानं ताट बदललं, पण त्यातलं टिकलं किती?

जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मरून पडले आणि त्यांना बर्ड फ्लू असल्याचा अहवाल आला. त्याच सुमारास पुण्यात जीबीएसचे रुग्ण वाढले आणि खडकवासला भागातल्या कोंबड्यांकडे बोट दाखवलं गेलं. कोंबड्या मारायची गरज नाही, मांस नीट शिजवून खा, असं तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सांगितलं. पण अशी बातमी मोबाइलवर आली की तालुक्याच्या गावातलं चिकनचं दुकान दोन दिवसांत ओस पडतं. नीट शिजवून खा हे कुणी ऐकत नाही, कोंबडी एवढाच शब्द ऐकला जातो.

हे पहिल्यांदा घडलेलं नाही. जनता कर्फ्यूला २२ मार्च २०२५ ला पाच वर्षं झाली. त्या काळात माणसांनी काय खायचं, काय नाही, हे ठरवायची कारणंच बदलली होती. खाणाऱ्यासाठी तो काही महिन्यांचा विषय होता. पिकवणाऱ्याला मात्र त्याचा हिशोब अजून लागतोय.

गोष्ट सुरू झाली ती टाळेबंदीच्याही आधी. फेब्रुवारी २०२० मध्ये राज्यात कोरोनाचा एक रुग्ण सापडलेला नव्हता, पण कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो हा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर पोचला होता. सोबत रोगट कोंबडीचा फोटो. पशुसंवर्धन खातं सांगत होतं, अन्न सुरक्षा प्राधिकरण सांगत होतं, की कोंबडी-अंड्यातून हा आजार पसरत असल्याचा काही पुरावा नाही. पण खात्याचं पत्रक वाचतो कोण? ब्रॉयलर कोंबडी तयार करायला किलोला सत्तर-पंचाहत्तर रुपये खर्च, आणि शेडवरचा भाव दहा-पंधरा रुपयांवर आला. कुणी कोंबड्या फुकट वाटल्या, कुणी पिल्लं खड्ड्यात पुरली. ज्यांनी कंपनीच्या करारावर शेड चालवलं त्यांची बॅच उशिरा उचलली गेली, पुढची पिल्लं आलीच नाहीत. ज्यांनी स्वतःच्या पैशानं खाद्य घातलं ते पुरते बसले.

इकडे मटणाला भाव चढला. रविवारी गावात बोकड कापून वाटे घालायची पद्धत जुनीच आहे, त्या वाट्यांना नंबर लागू लागले. शेळीवाल्याचं बरं चाललंय म्हणेपर्यंत टाळेबंदी आली आणि जनावरांचे बाजारच बंद झाले. म्हणजे त्याचंही बरं फार दिवस टिकलं नाही.

माणूस अन्न का निवडतो, याची मोजदाद करायला लंडनच्या तीन संशोधकांनी १९९५ मध्ये ३६ प्रश्नांची एक यादी केली होती. जगभर आजही ती वापरली जाते. त्यात नऊ कारणं आहेत : आरोग्य, मनाला बरं वाटणं, सोय, चव, नैसर्गिक असणं, किंमत, वजन, ओळखीचं असणं आणि नीतीचा विचार. यादी चांगली आहे. पण ती दुकान उघडं आहे हे धरून केलेली आहे. एप्रिल २०२० मध्ये आठवडी बाजार बंद, एसटी बंद, रस्त्यावर पोलीस, अशा वेळी गावातल्या माणसाचं पहिलं कारण या नऊमध्ये कुठंच नव्हतं. ते होतं, काय मिळतंय?

ज्याच्या घरी कणगीत ज्वारी होती, डब्यात तूरडाळ होती, त्याला त्या दोन महिन्यांत फारसं कळलंही नाही. परसातली मेथी, शेतातली वांगी, दुभतं जनावर असेल तर ताक. पण पुण्या-मुंबईहून परतलेले, ऊसतोडीवरून एप्रिलच्या मध्यानंतर परवानगी मिळाल्यावर ट्रॅक्टर-ट्रकमधून गावी आलेले, त्यांच्या घरात काय होतं? गावाबाहेरच्या शाळेत चौदा दिवस राहिले, तिथं शेजाऱ्यांनी दिलेली भाकर आणि चटणी. त्यांच्यासाठी प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतलं माणशी ५ किलो फुकट धान्य हीच खरी निवड होती. केसरी कार्डवाल्यांना राज्यानं मे-जूनसाठी गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलोनं दिला. त्या काळात पार्ले-जी बिस्किटाचा खप विक्रमी झाल्याचं कंपनीनं सांगितलं. त्यात नवल नाही. पाच रुपयांत मिळायचं, शिजवावं लागत नाही, लहान-थोर सगळ्यांच्या ओळखीचं. किंमत, सोय आणि ओळख, ही तीन कारणं एका पुड्यात आली.

दुसऱ्या बाजूला शेतात माल होता आणि घ्यायला कुणी नव्हतं. टरबूज, पपई, द्राक्षं, भाजीपाला, सगळं. हॉटेलं, चहाटपऱ्या, मिठाईची दुकानं बंद झाल्यावर दूध इतकं उरलं की सरकारला दिवसाला १० लाख लिटरपर्यंत दूध लिटरला २५ रुपयांनी घेऊन भुकटी करायची योजना आणावी लागली. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये दुधासाठी रस्त्यावर आंदोलनं झालीच. माणसं घरात बसून जास्त दूध पितील असं वाटलं होतं, तसं झालं नाही. शहरात किती दूध हॉटेलच्या चहात जातं, हे तेव्हा कळलं.

विकतोय कोण, हेही कारण झालं

एक गोष्ट बोलायला लोक टाळतात. एप्रिल २०२० मध्ये दिल्लीतल्या तबलिगी जमातीच्या बातम्या आल्या आणि भाजी-फळं विकणाऱ्या मुस्लिमांबद्दल व्हिडिओ फिरू लागले. बरेचसे जुने, काही भलत्याच ठिकाणचे. तरी काही ठिकाणी गाड्यावाल्याचं नाव विचारून माल घेणं सुरू झालं. मराठवाड्यात फळांचा व्यापार मोठ्या प्रमाणात बागवानांच्या हातात आहे. शेतकऱ्याची पपई, पेरू, मोसंबी बांधावर येऊन बघणारा, सौदा करणारा, तोड करून नेणारा तोच असतो. त्याचा गाडा गल्लीतून परतवला की शेतकऱ्याचा माल झाडावरच पिकून पडतो. हा हिशोब मेसेज पाठवणाऱ्याच्या डोक्यात नव्हता. काही गावांत शेतकऱ्याच्या ध्यानात तो लवकर आला, कारण फोन करून माल न्या म्हणायला त्याच्याकडे दुसरा नंबरच नव्हता.

ओळखीच्या माणसाकडून घ्यावं, या भावनेला एक चांगली बाजूही निघाली. शेतकरी गटांनी पिशव्या भरून शहरातल्या सोसायट्यांच्या गेटवर भाजी पोचवली. वाशीचा बाजार मे महिन्यात आठवडाभर बंद होता, तेव्हा असल्या थेट विक्रीनं थोडंफार तारलं. शहरी गिऱ्हाईक तेव्हा विचारायचं, कुठल्या गावचं, फवारणी केली का, कुणी हाताळलं. बाजार सुरू झाल्यावर बहुतेक गट थंड पडले. गाडीचं डिझेल, निवड-पॅकिंगची मजुरी, उरलेला माल परत आणणं, हे सगळं गिऱ्हाईकाला त्याच भावात पाहिजे होतं. ज्या गटांनी ठरलेली घरं धरून ठेवली ते आजही चालतात. बाकीच्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप फक्त सणाच्या शुभेच्छांपुरते उरले.

काढ्याचा हंगाम

३१ मार्च २०२० ला आयुष मंत्रालयानं सूचना काढल्या. दिवसभर कोमट पाणी, स्वयंपाकात हळद-जिरं-धणे-लसूण, सकाळी चमचाभर च्यवनप्राश, तुळस-दालचिनी-मिरे-सुंठ-मनुक्याचा काढा, दीडशे मिली गरम दुधात अर्धा चमचा हळद. यातलं च्यवनप्राश सोडलं तर सगळं आपल्या आजीच्या डब्यातलंच. पण आजीनं सांगितलं ते घरचं औषध होतं, आता त्याला इम्युनिटी हे नाव मिळालं. एप्रिलमध्येच अमूलनं तयार हळदीचं दूध आणलं. किराणा दुकानात काढ्याच्या तयार पुड्या लटकल्या. कडुलिंबावर चढलेला गुळवेल, ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, तो मुळापासून ओरबाडून नेला गेला.

लोकांना धीर हवा होता आणि काढ्यानं तो दिला, हे नाकारता येणार नाही. दवाखान्यात खाट नाही, इंजेक्शन नाही, अशा वेळी माणसाच्या हातात चूल तेवढी होती. पण दिवसातून चार-चार वेळा मिरे-सुंठेचा काढा ढोसून पित्तानं हैराण झालेले लोकही घरोघर होते. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. दुसरीच दिसायला सारखी वेल घेतली गेली असावी, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं. दोघांचं काहीही खरं असो, वेल ओळखता न येता ती उकळून पिणारे गावात कमी नव्हते.

आता हळदीचं बघू. आपल्या शेजारचा वसमत, हिंगोली हा भाग म्हणजे हळदीचं आगर. परभणी जिल्ह्यातही पूर्णा, जिंतूरकडे हळद वाढली. देशाची हळद निर्यात २०१९-२० मध्ये सुमारे १ लाख ३७ हजार टन होती, ती २०२०-२१ मध्ये १ लाख ८३ हजार टनांवर गेली. जगानं हळद मागितली, हे खरं. भावही २०२१ च्या हंगामात आधीच्या वर्षापेक्षा चांगला मिळाला. पण शिजवणी, वाळवणी, पॉलिश, मजुरी करून शेतकऱ्याच्या हातात जे पडलं, ते आणि शहरात काढ्याच्या छोट्या डबीवर छापलेली किंमत यांचा मेळ लावायचा प्रयत्न कुणी करू नये, डोकं दुखेल. शिवाय तो भाव टिकला नाही. पुढच्या दोन वर्षांत हळद पुन्हा रडकुंडीला आली, लोकांनी पेरा कमी केला, आणि २०२३ मध्ये भाव दहा हजारांच्या पुढे उसळला तो माल कमी झाला म्हणून. तेव्हा कुणी इम्युनिटीचं नावही घेत नव्हतं. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते मात्र कामाचं आहे.

आल्याचं तर त्याहून वाईट. २०२० ची मागणी बघून अनेकांनी आलं लावलं. बेण्यालाच एकरी मोठा खर्च, वर नांगरट, बेड, ठिबक. २०२१-२२ मध्ये दर असा पडला की काढणीची मजुरी परवडेना. काढ्याची भीती संपली होती आणि आलं अजून जमिनीत होतं. पीक यायला नऊ-दहा महिने लागतात, मेसेज फिरायला दोन दिवस पुरतात. भीतीमुळं वाढलेल्या मागणीच्या मागं पळणाऱ्या शेतकऱ्याची गोची नेमकी इथं होते.

अंडं चढलं, मुरुंबा पडला

२०२० च्या उत्तरार्धात कोंबडीचा कलंक धुतला गेला, आणि तो धुतला डॉक्टरांनी. कोविड सेंटरमध्ये जेवणासोबत उकडलेलं अंडं येऊ लागलं. घरी जाताना सांगायचे, प्रोटीन खा, अंडी खा, डाळ खा. प्रोटीन हा शब्द गावातल्या बाईच्या तोंडी बसला तो याच काळात. सहा महिन्यांपूर्वी ज्या कोंबडीला लोक घाबरत होते, तिचंच अंडं आजाऱ्याच्या डब्यात गेलं. माळकरी घरातही परड्यात अंडं उकडून कुणाला दिलं गेल्याच्या गोष्टी कुजबुजत सांगितल्या जायच्या. गावरान अंड्याला दुप्पट भाव देऊन लोक घेत होते.

बरं चाललं होतं. तेवढ्यात जानेवारी २०२१ आला. परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात सुमारे आठशे कोंबड्या मेल्या, नमुने भोपाळला गेले आणि ११ जानेवारीला बर्ड फ्लू असल्याचं प्रशासनानं जाहीर केलं. गावाच्या एक किलोमीटर परिसरातल्या कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, दहा किलोमीटरमध्ये विक्रीला बंदी. शेडमध्येच नाही, अंगणात आठ-दहा कोंबड्या पाळणाऱ्या म्हाताऱ्यांच्याही गेल्या. नियमानं ते बरोबरच होतं, रोग पसरू द्यायचा नव्हता. पण एका वर्षात दोनदा कोंबडीवाला मार खाऊन बसला. पहिल्यांदा खोट्या बातमीनं, दुसऱ्यांदा खऱ्या. बाजारानं दोन्ही वेळा सारखीच शिक्षा दिली. दूरच्या जिल्ह्यात, जिथं एक पक्षी मेलेला नव्हता, तिथंही भाव पडले.

कोंबडीचं पुढचं प्रकरण सोयाबीनच्या शेतकऱ्याच्या अंगावर आलं. कोंबडीच्या खाद्यात मका आणि सोयापेंड हे दोनच मुख्य. २०२१ च्या उन्हाळ्यात सोयाबीन चढत गेलं, ऑगस्टच्या सुरुवातीला दहा हजार रुपये क्विंटलला टेकलं. पोल्ट्रीवाले ओरडले, आणि त्यांची ओरड खोटी नव्हती. केंद्रानं ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली. त्यात नवा माल बाजारात येण्याचा काळ. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भाव पाच-साडेपाच हजारांवर आला. कोंबडी पाळणारा शेतकरी आणि सोयाबीन पेरणारा शेतकरी, एकाच गावातले, कधी कधी एकाच घरातले, एकमेकांच्या समोर उभे राहिले.

किंमत परत आली

त्याच वर्षी तेलानं लोकांना भानावर आणलं. शंभरच्या आतबाहेर असलेलं सोयाबीन तेल दीडशेच्या पुढे गेलं. वर्षभर आरोग्य-आरोग्य करणाऱ्या घरानं दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारला तो भावाचा. करडईचं, घाण्याचं तेल चांगलं, हे कोरोनात सगळ्यांनी ऐकलं होतं. शहरात लाकडी घाण्यांची दुकानंही निघाली. पण मराठवाड्यात करडईचा पेरा काही पूर्वीसारखा परतला नाही. काटे असल्यानं काढणीला मजूर मिळत नाही आणि हरभरा त्यापेक्षा सोपा पडतो. शहरातल्या गिऱ्हाईकाला घाण्याचं तेल हवंय, पण बांधावर करडई काढायला माणूस नाही.

ज्वारीचंही असंच. दुसऱ्या लाटेत साखरेच्या रुग्णांना कोरोना जड गेला, नंतर काळ्या बुरशीनं भीती वाढवली. डॉक्टर चपाती-भात कमी करा, भाकरी खा म्हणू लागले. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, शहरात भाकरीची केंद्रं निघाली. गावात मात्र उलटी गंगा. रेशनवर गहू-तांदूळ फुकट आहे. जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षं तो फुकट राहणार आहे. गरिबाला त्याचा आधार आहे आणि तो काढून घ्या असं कुणी म्हणणार नाही. पण फुकट गव्हापुढं विकतची ज्वारी टिकत नाही. आज रब्बी ज्वारी पेरणारे बरेच जण कडब्यासाठी पेरतात, भाकरी हा त्यातला वरचा फायदा.

यात खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. कोरोना येण्याच्या आधी, २०१९ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे लोक महाराष्ट्रात घरोघर फिरून गेले होते. १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षय असलेल्या निघाल्या, त्याआधीच्या पाहणीत त्या ४८ टक्के होत्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तर ६८.९ टक्के. अंगात रक्त नाही त्याला प्रतिकारशक्ती कुठून येणार? याच परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅटसोबत परभणी शक्ती नावाचा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये आणला होता. साध्या ज्वारीपेक्षा त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. इम्युनिटीच्या नावानं पुड्यांवर पुड्या विकल्या गेल्या, त्या दोन वर्षांत या ज्वारीचं नाव जिल्ह्यातल्याच किती दुकानांत ऐकू आलं? जाहिरात करायला तिच्या मागं कंपनी नव्हती आणि तिचा मेसेज कुणी फॉरवर्ड केला नाही.

रानभाज्यांचं त्यातल्या त्यात बरं झालं. ९ ऑगस्ट २०२० पासून कृषी खात्यानं रानभाजी महोत्सव सुरू केले. करटुली, तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, आंबुशी टेबलवर मांडून विकायला बायका तालुक्याला येऊ लागल्या. शहरातल्या बाईनं नाव विचारून, कृती विचारून भाजी नेली. करटुल्याला आज जो भाव मिळतो तो दहा वर्षांपूर्वी नव्हता. काही जण त्याची मांडवावर लागवडही करतात. ही आवड भीतीतून सुरू झाली असेल, पण चवीवर टिकली.

आणि अंडं? ते टिकायला हवं होतं, कारण त्यात पोषण आहे, गावात तयार होतं आणि काढ्याच्या पुडीपेक्षा स्वस्त पडतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्याला केळी द्यायचं ठरवलं. मुलं त्या दिवशी शाळा चुकवत नव्हती, हे कुठल्याही गुरुजींना विचारलं तरी कळेल. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्यासाठीचा निधी थांबवला. अंडं द्यायचं असेल तर शाळांनी लोकसहभागातून द्यावं, असं सांगितलं. वर्गणी गोळा करायला समितीनं गावात फिरायची वेळ आली तेव्हा उदगीरच्या कावळ्यांची बातमी प्रत्येकाच्या मोबाइलवर होती. पैसे नाहीत असं तोंडावर सांगायला लोकांना जड जातं, बर्ड फ्लू आहे म्हणणं सोपं पडतं.